समुद्राचे आवर्तन आणि आपली वीज



काही वर्षांपूर्वी आमच्या शाळेची सहल डहाणूला गेली होती. मुले निफाडकडची, ऊस, द्राक्षे, कांदा आणि पाटाचे पाणी यांच्यात वाढलेली. सकाळी पोहोचलो तेव्हा समुद्र अगदी पायाशी होता. दुपारी जेवणे उरकून पुन्हा किनाऱ्यावर आलो, तो पाणी पार लांब गेलेले आणि मध्ये नुसता ओल्या रेतीचा पट्टा. सहावीतला एक मुलगा जवळ आला आणि गंभीरपणे म्हणाला, "गुरुजी, आवर्तन बंद झालं का?"

सगळे हसले. मीही हसलो. पण नंतर वाटले, पोरगा काही फार चुकला नव्हता. पाटाला पाणी सुटते, ठरलेला काळ चालते आणि बंद होते, त्याला आपण आवर्तन म्हणतो. समुद्राचेही तसेच आहे. दिवसातून दोनदा पाणी चढते, दोनदा उतरते. मात्र या आवर्तनाची तारीख कोणत्या बैठकीत ठरत नाही, पाटकऱ्याला विचारावे लागत नाही, आणि टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पाणी पोहोचले नाही अशी तक्रारही कधी येत नाही. एवढे पाणी एवढ्या नियमाने हलते, तर त्याच्यापासून वीज का करू नये? हा प्रश्न मोठमोठ्या इंजिनिअरांना पडलेला आहे, आणि त्याचे उत्तर जेवढे सोपे वाटते तेवढे नाही.

तुम्ही म्हणाल, नाशिकला समुद्र कुठे आहे? खरे आहे. पण त्र्यंबकच्या डोंगरावर पडलेल्या पावसाचे दोन वाटे होतात, हे विसरू नका. एक वाटा गोदावरीतून सारा देश ओलांडून बंगालच्या उपसागराला जातो. दुसरा वैतरणेतून थोड्याच अंतरावर, पालघरच्या बाजूला, खाडीत उतरतो. दिंडोरी तालुक्यातल्या डोंगरात उगम पावलेली दमणगंगा दमणपाशी समुद्राला मिळते. सुरगाणा-पेठकडची पार नदीही गुजरातेतून तिकडेच जाते. या नद्यांच्या मुखाशी आपल्याच जिल्ह्याचे पाणी भरतीला सामोरे जात असते. आपल्या पांडवलेण्यांतला उषवदाताचा शिलालेख सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. नहपान क्षत्रपाच्या या जावयाने केलेली दाने त्यात नोंदली आहेत, आणि त्यांत पारदा, दमण, तापी, दाहनुका या नद्यांवर लोकांना फुकट उतरून जाता यावे म्हणून नावांची सोय केल्याचा उल्लेख आहे. त्या नद्या मुखाशी भरतीच्या पाण्याने फुगतात, तिथे उतार सापडत नाही. म्हणून नावेचे दान हे पुण्याचे काम. तेव्हा नाशिकच्या माणसाने भरतीचा विचार करणे हे काही नवे नाही.

आता थोडे कारण सांगतो. शिक्षकांना ते ठाऊकच आहे. चंद्र पृथ्वीला ओढतो. त्याच्या समोरच्या बाजूचे पाणी जवळ असल्याने पृथ्वीपेक्षा थोडे जास्त ओढले जाते, तिथे फुगवटा येतो. पाठीमागचे पाणी दूर असल्याने पृथ्वीपेक्षा थोडे कमी ओढले जाते, म्हणजे ते मागे राहते, तिथेही फुगवटा. पृथ्वी या दोन फुगवट्यांखालून फिरते, म्हणून दिवसात दोन भरत्या. तेवढ्या काळात चंद्रही थोडा पुढे सरकतो, म्हणून एका भरतीपासून दुसरीपर्यंत सुमारे बारा तास पंचवीस मिनिटे लागतात आणि रोजची भरती आदल्या दिवशीपेक्षा जवळजवळ पन्नास मिनिटे उशिरा येते. सूर्याचीही ओढ असते, पण चंद्राच्या निम्म्याहून कमी. अमावास्या-पौर्णिमेला दोघांची ओढ एका रेषेत येते आणि समुद्राला उधाण येते. अष्टमीच्या सुमारास ती एकमेकींना काटकोनात पडते, पाणी कमी चढते आणि कमी उतरते. कोळी लोक त्याला भांग म्हणतात.

कोकणातल्या माणसाला घड्याळ नसले तरी भरती कळते, ती एका सोप्या हिशेबाने. तिथीची पाऊणपट करा. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा. म्हणजे पूर्ण भरती सहाच्या सुमारास, सकाळी आणि संध्याकाळी. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला सव्वाअकरा. कुठल्याही यंत्रावाचून पिढ्यान्पिढ्या चाललेला हा हिशेब आहे, आणि भरतीच्या विजेची सगळी थोरवी त्यात साठवलेली आहे: ती केव्हा येणार हे आधी सांगता येते. वारा कधी पडेल याचा नेम नाही. ढग आले की सूर्य झाकतो. पाऊस कमी झाला की धरण रिकामे, हे तर आपल्याला कुणी सांगायलाच नको. भरतीची कोष्टके मात्र भारतीय सर्वेक्षण विभाग वर्ष सुरू होण्यापूर्वीच छापून मोकळा होतो.

वीज काढण्याची जुनी रीत धरणासारखीच आहे. खाडीच्या तोंडावर बांध घालायचा, त्यात दारे ठेवायची. भरतीचे पाणी आत घेऊन दारे लावायची. बाहेर ओहोटी लागली की आतले पाणी उंचावर राहते. मग ते चक्रांवरून सोडायचे. पाणी अडवून धरण्याची ही युक्ती आपल्या ओळखीची आहे. मुंबईचा प्रिन्सेस डॉक १८८० साली सुरू झाला. तिथे भरतीच्या पाण्यावर जहाज आत घेऊन गोदीचे दरवाजे बंद करीत, म्हणजे ओहोटीतही जहाज तरंगते राही. रायगडकडच्या खारबंदीच्या बांधांना उघाडी असते. ओहोटीला आतले पाणी ती ढकलून बाहेर जाते, भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती आपोआप मिटते. वीजघर म्हणजे या उघाडीला चक्र आणि जनित्र बसवणे, एवढे समजले तरी पुरे.

पण इथेच हिशेबाचा काटा रुततो. समजा, एक चौरस किलोमीटरची खाडी अडवली. भरती-ओहोटीतला फरक पाच मीटर असेल, तर एकदा भरलेली खाडी रिकामी होताना तिच्यात कागदावर सुमारे पस्तीस हजार युनिट ऊर्जा असते. फरक दोनच मीटर असेल तर किती? पाचाला पस्तीस हजार तर दोनाला चौदा हजार, असे कुणी म्हणेल. पण तसे नाही. उत्तर येते साडेपाच हजारांच्या आसपास. कारण फरक कमी झाला की पाणीही कमी भरते आणि ते पडतेही कमी उंचीवरून. दोन्हींचा फटका एकदम बसतो. फरक निम्मा, तर वीज चौथाई. यातलीही बरीच ऊर्जा वाटेत जाते. तारेवर येते ती याहून पुष्कळ कमी.

म्हणून भरतीची उंची हाच सगळ्याचा पाया. आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून उत्तरेकडे गेले की ती वाढत जाते. रत्नागिरीकडे उधाणाला दोन-अडीच मीटर. मुंबईला मोठ्या उधाणाला साडेचार-पाच. डहाणू-दमण ओलांडून खंबायतच्या आखातात शिरलात की पाणी नरसाळ्यात शिरल्यासारखे चिंबते आणि उंच होते. भावनगरला मोठ्या उधाणाला दहा मीटरांच्या पुढे जाते. खंबायतची सरासरी पावणेसात मीटरांच्या आसपास धरतात, कच्छच्या आखाताची सव्वापाच. बांधाची योजना परवडायला सरासरी पाच मीटर तरी हवेत असा साधारण अंदाज आहे. म्हणजे महाराष्ट्राचा बहुतेक किनारा या कसोटीला उतरत नाही. मला हे सांगताना आनंद होत नाही, पण गणित आपल्या जिल्ह्याची किंवा राज्याची बाजू घेत नाही.

आणखी एक तुलना घाटावरच्या माणसाला लगेच पटेल. घाटघरला, इगतपुरीच्या शेजारी अकोले तालुक्याच्या टोकाला, २००८ पासून अडीचशे मेगावॅटचे वीजघर आहे. तिथे पाणी सुमारे चारशे मीटर खाली कोकणात उतरते. एवढ्या उंचीवरून एक घनमीटर पाणी पडले की साधारण एक युनिट वीज मिळते. पाच मीटर भरतीच्या खाडीत पाण्याची पडण्याची उंची सरासरी अडीच मीटर. तेच एक युनिट काढायला तिथे एकशे साठ घनमीटर पाणी लागेल. समुद्रात पाण्याला तोटा नाही, हे खरे. पण एवढे पाणी जाऊ देणारी चक्रे, दारे आणि बांध यांना पैसा लागतो, आणि खारे पाणी लोखंड खाते ते वेगळेच.

तरीही हे झालेले आहे. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखावर १९६६ साली असे वीजघर उभे राहिले. आपल्याकडे कोयनेची वीज १९६२ साली सुरू झाली होती, तो हा काळ. दहा-दहा मेगावॅटची चोवीस चक्रे, एकूण दोनशे चाळीस मेगावॅट. भरतीची सरासरी उंची आठ मीटरांहून जास्त. चक्रे अशी की पाणी आत येताना आणि बाहेर जातानाही फिरतात. बांधावरून रस्ता गेला आहे. साठ वर्षे होत आली, वीजघर चालू आहे. ते वर्षाला सुमारे पन्नास कोटी युनिट वीज देते. ही किती? आपल्या एकलहऱ्याचे तिन्ही संच मिळून सहाशे तीस मेगावॅट होतात. ते पूर्ण ताकदीने महिना-तेहतीस दिवस चालले तर तेवढी वीज होईल. रान्सची चक्रे दोनशे चाळीस मेगावॅटची असली तरी वर्षाची सरासरी काढली तर साठाच्या खालीच पडते, कारण मधल्या काळात ती थांबतात आणि भांगाच्या दिवसांत पाणी कमी असते.

त्या खाडीने त्याची किंमतही मोजली. बांधकाम चालू असताना तीन वर्षे ती समुद्रापासून तोडली होती; आतले मासे, शंख-शिंपले, वनस्पती बहुतेक नष्ट झाल्या आणि पुढे परत यायला बराच काळ लागला. कॅनडात ॲनापोलिस येथे १९८४ साली वीस मेगावॅटचे वीजघर झाले. तिथे चक्रांत मासे मरतात ही तक्रार पहिल्यापासून होती. २०१९ साली यंत्र बिघडले आणि वीजघर कायमचे बंद झाले.

याच्या उलट गोष्ट दक्षिण कोरियातली. तिथे सिहवा येथे १९९४ साली दहा किलोमीटरांहून लांब बांध घालून खाडी तोडली. हेतू होता गोड्या पाण्याचा तलाव करण्याचा. पण कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी आत साचले आणि तलावाचे गटार झाले. शेवटी बांधात चक्रे बसवून भरतीचे पाणी आत घ्यायला सुरुवात केली. २०११ पासून तिथे दोनशे चोपन्न मेगावॅटचे वीजघर चालते, जगातले सर्वांत मोठे, आणि पाणीही सुधारले. मला या उदाहरणाचे महत्त्व वाटते ते यासाठी की, बांधाचा खर्च तिथे आधीच होऊन बसला होता. नव्याने बांध घालायचा असता तर हिशेब जमला असता का, शंका आहे. ब्रिटनमध्ये स्वान्सी येथे अशीच योजना आखली होती; महाग पडते म्हणून सरकारने २०१८ साली तिला नकार दिला.

आपल्या देशात काय झाले? १९७५ साली संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमातर्फे आलेल्या एरिक विल्सन या तज्ज्ञाने खंबायतच्या आखाताकडे बोट दाखवले. पुढे आखातावर प्रचंड बांध घालण्याची कल्पसर योजना निघाली. सुरुवातीला तिच्यात भरतीच्या हजारो मेगावॅट विजेचा विचार होता; पुढे तो भाग मागे पडला आणि गोड्या पाण्याचा तलाव हा हेतू पुढे आला. (सिहवाची गोष्ट इथे ज्याने त्याने आठवावी.) नर्मदा, तापी, मही, साबरमती आपला गाळ त्याच आखातात टाकतात, ही अडचणही लहान नाही. मद्रासच्या आय. आय. टी.ने २०१४ साली देशातल्या भरतीच्या विजेची क्षमता १२,४५५ मेगावॅट असल्याचा अंदाज दिला. तो कागदावरचा आहे. आज भारतात भरतीवर चालणारे एकही व्यापारी वीजघर नाही.

दोन लहान प्रयत्न मात्र झाले, आणि दोन्ही खर्चापायी सोडून दिले गेले. बंगालमध्ये सुंदरबनात दुर्गादुआनी खाडीवर पावणेचार मेगावॅटचा प्रकल्प २००७ साली हाती घेतला. अंदाज गेला २३८ कोटी रुपयांवर. कच्छच्या आखातात पन्नास मेगावॅटचा प्रकल्प २०११ साली ठरला; अंदाज ७५० कोटी. आता दुर्गादुआनीचा हिशेब आपल्या मापाने करू. पाच अश्वशक्तीच्या एका मोटारीला पावणेचार किलोवॅट लागतात. म्हणजे तो प्रकल्प पुऱ्या जोरात चालला, तर एका वेळी हजार मोटारी चालल्या असत्या. भांडवली खर्च एका मोटारीमागे जवळजवळ चोवीस लाख! आणि तोही चार-सहा तासांपुरता; मग ओहोटी संपली की मोटारी बंद. मेगावॅटमागे त्रेसष्ट कोटींच्या वर खर्च, तर सौर पट्ट्यांना तो चार-पाच कोटींच्या घरात. अशा वेळी खजिन्याची किल्ली ज्याच्या हाती आहे त्याने नकार दिला तर त्याला दोष देता येत नाही.

दुसरी रीत मात्र लक्ष ठेवण्यासारखी आहे. तिच्यात बांधच नाही. वाहत्या पाण्यात, तळाशी किंवा तरंगत्या तराफ्याखाली, पवनचक्कीसारखे पाते बसवायचे. पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट, म्हणून लहान पातेही पुष्कळ काम करते. स्कॉटलंडच्या उत्तर टोकाला समुद्रतळावर दीड-दीड मेगावॅटची चार चक्रे बसवली आहेत. २०२५ साली असे जाहीर झाले की, त्यांतले एक सहा वर्षांहून अधिक काळ अनपेक्षित दुरुस्तीसाठी वर न काढता चालले. ही बातमी वाचून मला खरा आनंद झाला. कारण या धंद्यात यंत्र बसवण्यापेक्षा ते पाण्याखाली टिकवणे अवघड. पण इथेही निसर्गाची अट आहेच. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर वीज आठपट, आणि वेग निम्मा झाला तर आठवा हिस्सा. कच्छ-खंबायतच्या आखातांत पाणी जोरात धावते. आपल्या कोकणातल्या खाड्यांत तेवढा वेग बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

लाटांची वीज ही निराळी गोष्ट; ती वाऱ्यापासून होते, चंद्रापासून नाही. केरळात विळिंजम येथे १९९१ साली दीडशे किलोवॅटचे असे केंद्र झाले होते, ते आता बंद आहे. दोन्हींची गल्लत वर्तमानपत्रांतही होते.

मग आपल्या शेतकऱ्याने यातून काय घ्यायचे? रात्रीची पाळी काय असते हे निफाड-सिन्नरकडे कुणाला विचारायला नको. थ्री-फेज रात्री बाराला येते, बाहेर थंडी, उसात बिबट्या, आणि हातात बॅटरी घेऊन बारे धरायला जायचे. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली निघाली ती यासाठीच; जिथे ती वाहिनी पोहोचली तिथे दिवसा वीज मिळू लागली, जिथे नाही तिथे पाळी आहेच. भरतीची वीज या दुखण्यावर औषध आहे का? एकटी तर नाही. आज संध्याकाळी सहाला सुरू झालेला संच रोज पन्नास मिनिटे पुढे सरकत आठवड्याने मध्यरात्रीच्या सुमारास सुरू होईल. म्हणजे पुन्हा रात्रपाळीच, फक्त पंचांगात छापलेली. पण सारा देश आता एका जाळ्यात जोडलेला आहे. कच्छमध्ये उद्या अशी वीज झाली, तर सूर्य मावळल्यावरच्या काही तासांत ती उपयोगी पडेल, आणि कोणत्या दिवशी किती मिळेल हे वर्षभर आधी ठाऊक असल्याने बाकीची व्यवस्था तशी लावता येईल. तिची स्पर्धा आहे ती सौर विजेशी नव्हे, तर ती वीज साठवणाऱ्या बॅटऱ्यांशी आणि आपल्या घाटघरसारख्या वीजघरांशी. बॅटऱ्यांची किंमत उतरत आहे. भरतीच्या यंत्रांची तेवढ्या वेगाने उतरली नाही, तर माझ्या मते पुढची दहा-वीस वर्षे ही वीज बेटांपुरती आणि काही मोजक्या सामुद्रधुन्यांपुरतीच राहील. २०१९ साली केंद्र सरकारने समुद्राच्या विजेला नवीकरणीय विजेचा दर्जा दिला, म्हणजे दार उघडे ठेवले आहे. ते ठीकच झाले.

आणि ज्या खाडीवर बांध पडेल तिथल्या माणसाचेही पाहिले पाहिजे. तिवरांच्या मुळांत कोळंबी वाढते, जिताडा खाडीत शिरतो, मिठागराला वेळेवर उधाणाचे पाणी लागते. या सर्वांचे घड्याळ भरती हेच. बांध म्हणजे ते घड्याळ दुसऱ्याच्या हाती देणे. आपला जिल्हा धरणांचा आहे. वैतरणेचे पाणी इगतपुरीकडून वीज करून मुंबईच्या नळांना जाते, आणि ज्यांच्या जमिनी त्या पाण्याखाली गेल्या त्यांना धरणाची दुसरी बाजू कुणी शिकवायला नको. कोळ्याचा प्रश्न आपल्याला त्यामुळे लवकर समजावा.

शिक्षकांसाठी एक काम सुचवतो. वर्गात पंचांग किंवा कालनिर्णय लावलेले असतेच. एक पंधरवडा रोज मुलांकडून तिथीची पाऊणपट काढून घ्या आणि फळ्याच्या कोपऱ्यात मुंबईच्या भरतीची वेळ लिहा. शेजारी वर्तमानपत्रात छापून येणारी खरी वेळ लिहा. कधी अर्ध्या, कधी तासाभराचा फरक पडेल. तो का पडतो, हे मुलांनाच शोधू द्या. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, आणि खरा उशीर तिथीमागे सरासरी अठ्ठेचाळीस मिनिटांचा. तीन मिनिटांची ही चूक पंधरा तिथ्यांत पाऊण तासावर जाते. भरतीची उंची जिथे छापलेली असेल तिथे तीही उतरवून घ्या आणि अष्टमीची पौर्णिमेशी ताडून पाहा. उंचीतला फरक मुलांनी मोजला की त्याचा वर्ग करायला सांगा. भांगाच्या आठवड्यात वीजघर किती ओस पडेल हे त्यांना आकड्यांत दिसेल.